परतीच्या पावसानंतर अंगणातले डास कसे आवरावेत

गणपती गेले, पितृपंधरवडा सरत आला, की सांगली-मिरजेकडं पावसाची दुसरी पाळी सुरू होते. दिवसभर ऊन, दुपारनंतर ढग आणि संध्याकाळी तासभर जोराची सर. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागात वर्षातला बराचसा पाऊस याच दिवसांत पडून जातो. मग लागतो ऑक्टोबरचा उकाडा. जून-जुलैच्या झडीत लहानसहान भांड्यांतलं पाणी सारखं उतू जातं आणि अळ्याही त्याबरोबर वाहून जातात. परतीचा पाऊस तसा नसतो. तो भांडी भरून ठेवतो आणि आठ-दहा दिवस फिरकत नाही. साचलेलं पाणी, गरम हवा आणि पडलेला वारा मिळाला की डासांना आणखी काही लागत नाही.

फ्लॅट सोडून पहिल्यांदाच अंगणाच्या घरात राहायला आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. कुपवाड, बुधगाव, माधवनगर, हरिपूर, विश्रामबागेच्या मागची नवी वस्ती, कुठंही असा. घरामागं मोरी, कोपऱ्यात बॅरल, चार झाडं, एक तुळस आणि वर गच्ची असलेल्या घरात डासांचा बंदोबस्त वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो. एक गोष्ट मनाशी पक्की धरा. दिवसाउजेडी पायांना चावणारे डास बहुतेक वेळा तुमच्या किंवा शेजारच्या अंगणातच जन्मलेले असतात. धूर फवारणारी गाडी केव्हा येईल याची वाट बघण्यापेक्षा आठवड्यातला एक तास स्वतःच्या अंगणाला दिलात तर त्याचा गुण लवकर दिसतो.

आधी चावतो कोण ते बघा

फक्त मादी चावते, कारण अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. पण कुठली मादी कधी चावते यावरून पाणी कुठं शोधायचं हे कळतं.

दिवसा चावणारा, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. उजाडल्यानंतरचे दोन तास आणि दिवस मावळायच्या आधीची वेळ हा त्याचा जोर. टेबलाखाली, ओट्याशी, घोट्यांना आणि पोटऱ्यांना चावतो, आवाजही फारसा करत नाही. डेंगी आणि चिकुनगुनिया हाच पसरवतो. याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. तो फार लांब उडत नाही. जिथं जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचं बहुतेक आयुष्य जातं. म्हणून हा डास दिसला की शोध घरापासूनच सुरू करायचा.

रात्री कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास म्हणजे क्युलेक्स. गटार, सेप्टिक टाकी, तुंबलेलं सांडपाणी ही त्याची जागा. हत्तीरोग पसरवणारा तो हाच. हा किलोमीटर-दोन किलोमीटरवरूनही येतो, त्यामुळं त्याच्यासाठी गल्लीनं मिळून काम करावं लागतं.

तिसरा अॅनॉफिलीस, हिवतापाचा. भिंतीवर बसताना मागचं अंग वर करून तिरका बसतो. विहीर, उघडी टाकी, शेततळं अशा पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. ज्यांचं घर मळ्यात आहे त्यांनी याच्याकडं जास्त लक्ष द्यावं.

या दिवसांत गावात तापाची साथ म्हटलं की डेंगीचं नाव आधी येतं, म्हणून पुढच्या मजकुरात एडिसवरच जास्त भर आहे.

आठवड्याची फेरी

ऑक्टोबरच्या उष्णतेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं ते याच हिशेबानं. सात दिवसांत एकदा पाणी मोडलं, म्हणजे ओतून टाकलं, तर अळी डास होईपर्यंत पोचतच नाही. वार एकच ठरवा आणि तो चुकवू नका. दहाव्या-बाराव्या दिवशी केलेली फेरी उपयोगाची नाही, तोवर एक पिढी उडून गेलेली असते.

फेरीला बॅटरी, एक पांढरी वाटी आणि काथ्याचा किंवा प्लॅस्टिकचा ब्रश घ्या. सुरुवात बॅरलपासून करा. बॅटरी पाण्यावर तिरकी धरा. तुमची सावली पडली, पाणी हललं, की अळ्या झटकन तळाला जातात आणि वरून पाणी अगदी नितळ दिसतं. बरेच जण इथंच 'काही नाही' म्हणून पुढं जातात. तुम्ही मिनिटभर न हलता थांबा. मग तळातून राखाडी, बारीक, धाग्याएवढ्या अळ्या अंग वळवत वर यायला लागतात. वर आल्या की डोकं खाली आणि शेपूट पाण्याच्या पृष्ठभागाला लावून लटकतात, कारण श्वासाची नळी शेपटीला असते. त्यांच्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे काळपट, गोळा झालेले जीव दिसले तर ते कोष. कोषातून दोनेक दिवसांत डास बाहेर पडतो, म्हणून ते पाणी त्याच दिवशी मोडलं पाहिजे. पाणी गढूळ असेल तर वाटीत घेऊन बघा, पांढऱ्यावर अळी लगेच दिसते.

बॅरलनंतर जमिनीवरच्या वस्तू बघा. कुंड्यांखालच्या ताटल्या, रंगाचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, गाडीचे जुने टायर, मुलांची मोडकी खेळणी, कोंबड्यांची पाण्याची भांडी, पक्ष्यांसाठी ठेवलेली परळ. करवंटीत मावेल एवढ्या पाण्यातसुद्धा एडिसच्या अळ्या मजेत वाढतात. टायर सगळ्यात वाईट. त्यातलं पाणी कितीही उलटंपालटं केलं तरी पूर्ण निघत नाही. झोक्यासाठी किंवा कुंडी म्हणून ठेवायचाच असेल तर खालच्या बाजूला दोन-तीन मोठी भोकं पाडून घ्या, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाका.

घरी शाडूच्या गणपतीचं विसर्जन बादलीत किंवा टबात करायची पद्धत आता चांगली रुजली आहे. मूर्ती विरघळायला दिवस लागतात आणि मग ती बादली पेरूच्या झाडाखाली विसरली जाते. माती खाली बसून वर निवळ पाणी राहतं, आणि एडिसला नेमकं तेच हवं असतं. माती झाडांच्या आळ्यात घाला आणि बादली पालथी करा.

न दिसणाऱ्या जागा मुद्दाम हुडकाव्या लागतात. पाण्याच्या मीटरचा आणि व्हॉल्व्हचा खड्डा, फाटकाचे वरून उघडे पोकळ लोखंडी खांब, कापलेल्या बांबूची टोकं, झाडाच्या खोडातली ढोली, तुळशी वृंदावनाचं बुजलेलं भोक, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली. खांबांना सिमेंटचं किंवा प्लॅस्टिकचं टोपण बसवा, ढोलीत वाळू-माती भरा, बांबू गाठीच्या अगदी वर कापा. ही कामं एकदाच करावी लागतात. उन्हाळ्यात वापरलेला कूलर पावसाळ्यात पोर्चमध्ये पडून असेल तर त्याच्या तळात हमखास पाणी असतं. ते काढाच, शिवाय आतली लाकडी भुश्याची जुनी पॅडं फेकून द्या, कारण त्यांना अंडी चिकटलेली असू शकतात.

मग गच्ची. तिथं माणूस रोज जात नाही आणि डासांचं तेच फावतं. पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पाल्यानं तुंबलेलं असतं, स्लॅबला एखादा खळगा असतो, पावसाळ्यात अंथरलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत तळी साचलेली असतात. काळ्या टाकीचं झाकण वाऱ्यानं सरकलेलं असतं. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळीचा तुकडा तारेनं बांधा. त्या एका भोकातून शिरलेली मादी अख्खी टाकी भरून टाकते आणि आपल्याला वर्षभर पत्ता लागत नाही.

पाणी ओतून भागत नाही, कड घासावी लागते

नव्या माणसाला कुणी सांगत नाही असं काम हे आहे. क्युलेक्स पाण्यावर अंड्यांचा तराफा सोडतो, अॅनॉफिलीस एकेक अंडं पाण्यावर टाकतो, पण एडिस अंडी भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. मिलिमीटरभरही लांब नसलेले काळे ठिपके. पाणी ओतलं तरी ते तिथंच राहतात. महिनोन्‌महिने कोरडे राहूनही मरत नाहीत, आणि पुढच्या वेळी बॅरल त्या रेषेपर्यंत भरलं की भिजून फुटतात. संसर्ग झालेल्या मादीकडून कधीकधी विषाणूही अंड्यांत उतरतो. मार्चमध्ये पाऊस नसताना एखाद्या वस्तीत डेंगी निघते, तेव्हा अशा जुन्या अंड्यांचाही त्यात हात असू शकतो.

म्हणून कोरड्या दिवशी बॅरल, रांजण, हौद, बादल्या यांची आतली कड ब्रशनं आणि धुण्याच्या पावडरनं खसखसून घासायची. वरच्या काठापासून खाली, गोल फिरवत, सांधे आणि दांड्याच्या खोबणीसकट. सिमेंटच्या हौदाची भिंत खडबडीत असते, तिथं तारेची घासणी लागते. घासलेलं पाणी गटारात न ओतता उन्हातल्या कोरड्या जमिनीवर पसरून ओता, म्हणजे अळ्या वाळून मरतात आणि सुटलेली अंडी पुन्हा साचलेल्या पाण्यात जात नाहीत. भांडं पालथं घालून उन्हात ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा.

नळाला एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या गावांत, टँकरवर भिस्त असलेल्या जत-आटपाडीकडच्या वाड्यांत, भरलेलं पाणी ओतून द्यायला कुणाचा जीव होत नाही, आणि तो होऊही नये. तिथं पाणी एका बॅरलमधून दुसऱ्यात जाड फडक्यानं गाळून घ्यायचं, रिकामं झालेलं घासून वाळवायचं आणि दुसऱ्या आठवड्यात उलट. अळ्या फडक्यात अडकतात. ते फडकं उन्हात झटका. पाणी वाया जात नाही आणि पाळीपाळीनं सगळी भांडी घासून होतात.

झाकण असं घाला की चिलटसुद्धा शिरणार नाही

बॅरलवर लाकडी फळी टाकली, पत्रा ठेवला, वर दगड ठेवला, म्हणजे झाकलं असं आपण समजतो. बोटभर फट राहिली तरी मादी आत जाते, उलट आतली सावली तिला आवडते. जुन्या सुती लुगड्याचं किंवा धोतराचं दुहेरी कापड घेऊन बॅरलच्या तोंडावर ताणून बांधा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काठाखाली आवळून बसवा. ट्यूब कापडापेक्षा घट्ट बसते आणि काढ-घाल करायलाही सोपी पडते. कापड मध्ये खाली लोंबून पाण्याला टेकणार नाही असं बघा, नाहीतर त्याच ओल्या कापडावर अंडी घातली जातात. पाणी घ्यायला बॅरलच्या तळाशी तोटी बसवून घेतली तर झाकण रोज उघडायची गरजच राहत नाही. प्लंबरचं छोटं काम आहे आणि माझ्या मते अंगणात करण्यासारखा हा सगळ्यात शहाणा खर्च आहे.

अंगणातली जमिनीखालची टाकी वेगळी तपासा. तिचं लोखंडी झाकण कडेनं गंजून वाकलेलं असतं, किंवा मोटारीचा पाइप आत जातो तिथं भोक मोठं पडलेलं असतं. पाइपाभोवती सिमेंट भरा आणि झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावा.

जे पाणी मोडता येत नाही त्याचं काय

जनावरांचा मोठा हौद, विहीर, कमळाचं कुंड, मळ्यातलं शेततळं. इथं गप्पी मासे सोडायचे. हे मासे पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि अळ्या मटकावतात. अंडी न घालता थेट पिल्लं देतात, त्यामुळं एकदा जम बसला की संख्या आपोआप वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी करा, तिथून ते मिळू शकतात. मासे सोडल्यावर त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकू नका, मरतात. कृष्णेत, वारणेत, ओढ्यात मात्र ते सोडू नयेत. हे मासे बाहेरून आणलेले आहेत, तिथल्या मूळ माशांची पिल्लं आणि अंडी खातात. बंदिस्त पाण्यातच ठेवा.

कुंडासारख्या पाण्यासाठी बीटीआय नावाच्या जिवाणूंचं औषध भुकटीच्या किंवा द्रवाच्या रूपात मिळतं. अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्याला इजा होऊन ती मरते. माणसाला, जनावरांना, माशांना आणि मधमाश्यांना त्रास नाही. कोष काही खात नाहीत, म्हणून कोषांवर त्याचा परिणाम होत नाही आणि औषध वेळेत, पाकिटावर लिहिलेल्या मापानंच टाकावं लागतं. आरोग्यसेवक घरी येऊन वापरायच्या पाण्यात मोजून जे औषध टाकतात ते टेमेफॉस, आपल्याकडं त्याला अॅबेट म्हणतात. त्यांना टाकू द्या. पाण्याला जरा वास येतो म्हणून ते गेल्या गेल्या बॅरल उपसून टाकणारी घरं असतात. मग केलेलं सगळं काम वाया जातं. स्वतः दुकानातून आणून अंदाजानं मात्र टाकू नका.

मोरी, शोषखड्डा आणि सेप्टिक टाकी

रात्रीच्या डासांचं मूळ इथं आहे. मोरीचं पाणी परसात सोडायची आपली जुनी रीत चांगली आहे. केळ, कर्दळ आणि अळू ते पिऊन टाकतात. अट एवढीच, की पाणी एका दिवसात मुरलं पाहिजे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात परतीच्या पावसानंतर जमीन आधीच पाण्यानं भरलेली असते. मग केळीच्या बुंध्याशी डबकं राहतं. अशा वेळी पाण्याची वाट आळीपाळीनं बदला, आज केळीकडं, उद्या कर्दळीकडं.

जागा असेल तर शोषखड्डा काढा. साधारण चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी किंवा पाइप बसवतात, भोवती मोठे दगड, त्यावर लहान खडी भरतात आणि वरून झाकतात. 'नांदेड पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रात गाजला तो साधारण असाच. आपल्याकडं खणताना एक काळजी घ्यायची. चार फुटांपर्यंत नुसती काळी मातीच लागली तर खड्डा पाणी पिणार नाही, मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. पिण्याच्या विहिरीजवळ किंवा बोअरजवळ काढू नका. आणि मोरीचं पाणी आत जाण्याआधी छोट्या चेंबरमध्ये जाळी लावून अन्नाचे कण, केस, साबणाचा गाळ अडवा, नाहीतर दोन-तीन वर्षांत खड्डा बुजतो.

सेप्टिक टाकीचा वर जाणारा वायूचा पाइप बघा. बहुतेक घरांत त्याचं तोंड उघडं असतं. त्या एका पाइपातून क्युलेक्सचे थवे बाहेर पडतात. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून पाइपाच्या तोंडावर तारेनं बांधा. दहा मिनिटांचं काम आहे आणि रात्रीच्या गुणगुणीतला फरक आठवड्या-दोन आठवड्यांत कळतो. उन्हानं जाळी कुजते, वर्षातून एकदा बदला. टाकीच्या झाकणाच्या भेगा सिमेंटनं लिंपा.

गटारात जळकं ऑइल ओतायचा सल्ला अजून ऐकू येतो. पाण्यावर तवंग धरला की अळ्या गुदमरतात हे खरं, पण तेच ऑइल पुढं ओढ्यात, नदीत आणि कुणाच्या तरी विहिरीत जातं. त्यापेक्षा फावडं घेऊन गाळ काढा. वाहत्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत.

झाडी आणि गोठा

दिवसा डास सावलीच्या, दमट, वारा न लागणाऱ्या जागी बसून असतात. कुंपणाची दाट मेंदी, टाकीमागचं गवत, सरपणाचा ढीग, पोर्चमधले बूट, दोरीवर रात्रंदिवस लोंबणारे कपडे. गवत कापा, झुडपांच्या खालच्या फांद्या वीतभर वर छाटा म्हणजे खालून वारा खेळतो. अळूच्या देठांच्या बेचक्यांत पाणी राहतं, तिकडंही नजर टाका.

गोठा असेल तर मूत्र आणि पाणी वाहून जायला उतार काढा, दावणीजवळचा पाण्याचा हौद आठवड्याला घासा. कडुनिंबाचा पाला घालून केलेल्या धुरानं जनावरांना तासभर आराम मिळतो, पण बंद गोठ्यात धूर कोंडू देऊ नका. शक्य असेल तर गोठ्याला जाळी लावा. २०२२ च्या लम्पीच्या साथीत चावणाऱ्या माश्या आणि डास आवरणं का महत्त्वाचं आहे हे शेतकऱ्यांनी जवळून पाहिलं आहे.

घट ते तुळशीचं लग्न

आपल्याकडं घट बसायच्या आधी घरातली वाकळ, गोधड्या, चादरी सगळं धुऊन निघतं, भिंती झाडल्या जातात. त्याच दिवशी अंगणही घ्या. हीच वर्षातली मोठी सफाई समजा, भंगार काढायची, खांबांना टोपणं बसवायची, गच्चीचे पाइप मोकळे करायची.

दिवाळीत पोरं किल्ला करतात. त्यात तळं असतंच, कारंजाची टाकी असते, मावळ्यांच्या तटाखाली गव्हा-मोहरीची हिरवळ उगवायला रोज पाणी शिंपडलं जातं. किल्ला करू द्या, पण तळ्याचं पाणी दर दोन दिवसांनी बदलायची जबाबदारी पोरांवरच सोपवा आणि अळी कशी दिसते ते वाटीत दाखवा. एकदा पाहिली की पोरं गल्लीतली सगळी डबकी स्वतः शोधून येतात. दिवाळी झाल्यावर कंपाउंडच्या भिंतीवरच्या पणत्या गोळा करा. एखादी अवकाळी सर आली तर त्या पणत्याही पाण्यानं भरतात.

याच सुमाराला द्राक्षबागांची फळछाटणी झालेली असते आणि बांधावर फवारणीच्या पाण्याची बॅरलं उभी राहतात. ती रात्री झाकून ठेवा. उसाचा हंगाम सुरू झाला की तोडकऱ्यांच्या खोपी पडतात. त्यांच्याकडं पाणी उघड्या बॅरलांतच असतं. तुमच्या शेताशेजारी खोपी असतील तर चार जुनी कापडं आणि ट्यूबच्या पट्ट्या नेऊन द्या. लहान लेकरं तिथं उघड्यावर झोपतात, त्यांना डेंगी झाली तर दवाखान्यापर्यंत पोचणंही अवघड असतं.

पैसे कुठं घालू नयेत

निळ्या दिव्याची डास मारणारी पेटी अंगणात लावली तर तीत पतंग आणि किडे भरपूर मरतात, चावणारे डास फार थोडे. डास पळवणारा आवाज काढणारी यंत्रं चालत नाहीत. गवती चहा, झेंडू, तुळस लावून डास पळतात हा समजही तितकाच कच्चा आहे. पानं चुरगाळून निघणाऱ्या तेलाला थोडा वेळ गुण असतो, नुसतं झाड उभं राहून काही होत नाही. झाडं हौसेनं लावा, पण त्यांच्या भरवशावर बॅरल उघडं ठेवू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपल्या भागात घरोघरी द्राक्षाची, उसाची, भाजीपाल्याची औषधं पडलेली असतात. 'थोडं पंपात घालून अंगणात मारलं तर काय होतंय' असं म्हणून ती फवारू नका. पिकाची औषधं पिकाच्या मापानं बनवलेली असतात. अंगणात मुलं रांगतात, कपडे वाळतात, कोंबड्या चरतात. गप्पी मासे आणि मधमाश्या त्यानं मरतात, आणि वरचेवर चुकीचा मारा झाला की डासांना औषध लागू पडेनासं होतं.

धूरफवारणीबद्दलही थोडं. ती उडणाऱ्या डासांना मारते, अळ्यांना आणि अंड्यांना नाही. धूर विरला की दोन-चार दिवसांत नवे डास निघतात. शेजारी डेंगीचा रुग्ण सापडला असेल तेव्हा तिचा खरा उपयोग, कारण विषाणू पोटात असलेले डास तेव्हाच मरायला हवेत. गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. एडिस घरातच पडद्यामागं आणि कपाटाखाली बसलेला असतो. त्यामुळं अन्न-पाणी झाका, लेकरं आणि दमेकरी लांब न्या, आणि खिडक्या उघड्या ठेवा.

संध्याकाळी अंगणात बसताना

डास चांगला उडणारा नाही, वाऱ्यापुढं टिकत नाही. ओट्यावर बसताना टेबलफॅन पायांच्या दिशेनं लावा. अगरबत्तीपेक्षा हा उपाय चांगला, श्वासालाही त्रास नाही. पाय झाकणारे फिक्या रंगाचे कपडे घाला. उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावताना डोळे, ओठ आणि लहान मुलांचे तळहात सोडा, कारण ती हात तोंडात घालतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम लावूच नका, त्याला मच्छरदाणीतच ठेवा. आणि मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लावा, डेंगीचा डास दिवसाच चावतो.

शेजार आणि मोकळे प्लॉट

तुमचं अंगण लखलखीत आणि शेजारी उघडा हौद असेल तर डास येणारच. दोष देत गेलात तर दार बंद होतं. "काकी, ट्यूबच्या पट्ट्या जास्तीच्या कापल्यात, तुमच्या बॅरलला पण बांधून देऊ का?" असं म्हणून गेलात तर काकी बॅरल दाखवतात, वर चहाही देतात. पाच-सहा घरांनी एकच वार धरला तर एडिस त्या गल्लीत कमी झालेला जाणवतो.

मोकळ्या प्लॉटमधली तळी हा सांगलीचा जुना त्रास. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाचं पाणी महिनोन्‌महिने हटत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी बुडालेल्या वस्त्यांत उताराच्या जुन्या वाटाही बुजल्या आहेत. अशा पाण्याचा फोटो, जागेची खूण आणि तारीख घालून महापालिकेकडं किंवा ग्रामपंचायतीकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याच्या अर्जापेक्षा गल्लीतल्या दहा सह्या लवकर हलवतात. चर खणून पाणी गटाराला काढता येत असेल तर ते आधी मागा, औषध फवारणी नंतर. बांधकामाच्या जागी स्लॅबवर आणि भिंतींना मारलेल्या पाण्याची डबकी, लिफ्टचा खड्डा, उघडी टाकी यांची जबाबदारी मालकाची असते, तसं त्याला स्पष्ट सांगा.

ताप आला तर

अचानक मोठा ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांकडं जा. डेंगीची एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनाकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, पेज, जलसंजीवनी भरपूर द्या. ताप उतरला की लोक निर्धास्त होतात, पण खरं जपायचे दिवस तेच. पोटात सारखं दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळं शौच, हातपाय गार पडणं, गळून जाणं यांतलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावून डास पुढं रोग नेणार नाहीत. आणि त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

थंडी पडली, डिसेंबर उजाडला, की डास मंदावतात. वार मोडायचा नाही, फेरी मात्र लवकर आटपते. बॅरल, टब, कूलर गुंडाळून ठेवताना कड घासून, वाळवून, पालथं घालूनच ठेवा, आणि मे महिन्याच्या शेवटी, मृगाचा पाऊस यायच्या आत, ती सगळी भांडी पुन्हा एकदा घासून घ्या.